रेड नोटीस निघाली तरी माणूस परत का येत नाही, आणि बाहेर गेलेले पैसे कधी परत मिळतात

विचारलंय असं की एखाद्यावर इंटरपोलची रेड नोटीस निघते, त्याची मोठी बातमी होते, आणि तरी तो माणूस दुसऱ्या देशात वर्षानुवर्षं खुशाल राहतो, शिवाय ऑनलाइन फसवणुकीतले पैसे एकदा देशाबाहेर गेले की पोलीस सांगतात आता अवघड आहे, मग हे आंतरराष्ट्रीय पोलीस सहकार्य म्हणतात ते नक्की करतं काय. मी बरीच वर्षं याच कामात होते, म्हणजे परदेशात जाणाऱ्या आणि तिकडून येणाऱ्या विनंत्या वाचायच्या, त्यातल्या चुका काढायच्या, दुरुस्त करून पुढे पाठवायच्या आणि मग पाठपुरावा करत बसायचं. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, दोन ओळींत उत्तर दिलं तर गैरसमज अजून वाढतील.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. इंटरपोलकडे स्वतःचे पोलीस नाहीत. कुणाला अटक करायला इंटरपोलचा माणूस येत नाही, तसा अधिकारच त्यांना नाही. फ्रान्समध्ये ल्यों शहरात मुख्यालय, सिंगापूरला एक मोठं केंद्र, १९६ सदस्य देश, आणि प्रत्येक देशात एक राष्ट्रीय केंद्रीय ब्यूरो ज्याला आम्ही नुसतं एनसीबी म्हणतो, तिथे त्या त्या देशाचेच अधिकारी बसतात. १९२३ साली व्हिएन्नात ही संस्था सुरू झाली तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे, एका देशाच्या पोलिसाला दुसऱ्या देशाच्या पोलिसाशी थेट बोलता यावं, दरवेळी राजदूतांमार्फत कागद फिरवायला लागू नयेत. आज त्यासाठी आय-२४/७ नावाचं सुरक्षित नेटवर्क आहे, त्यावरून मेसेज जातात आणि त्यावरूनच हरवलेले पासपोर्ट, बोटांचे ठसे, चोरीच्या गाड्या वगैरेंचे डेटाबेस तपासता येतात.

आता रेड नोटीस. ही अटक वॉरंट नाही. एखाद्या देशाच्या कोर्टाने आधी स्वतःचं वॉरंट काढलेलं असतं, त्या वॉरंटच्या आधारे तो देश इंटरपोलला विनंती करतो की बाकीच्या देशांना कळवा, हा माणूस आम्हाला प्रत्यार्पणासाठी हवाय, दिसला तर ठावठिकाणा सांगा आणि तुमच्या कायद्यात बसत असेल तर तात्पुरतं अडकवून ठेवा. "तुमच्या कायद्यात बसत असेल तर" हे शब्द बातम्यांमध्ये कधीच येत नाहीत आणि सगळी गंमत तिथेच आहे. काही देशांत रेड नोटीस पुरेशी असते, तिच्यावर तात्पुरती अटक होऊ शकते. अमेरिकेत नुसत्या रेड नोटिशीवर अटक होत नाही, करार लागतो, करारानुसार विनंती लागते आणि तिथल्या न्यायाधीशाचं वॉरंट लागतं. म्हणजे एकच नोटीस एका विमानतळावर माणसाला अडकवते आणि दुसऱ्या विमानतळावर फक्त कॉम्प्युटरवर नोंद होते की अमुक तारखेला तो इथून गेला.

नोटीस मागितली की मिळते असंही नाही. गुन्हा गंभीर पाहिजे, खटला चालायचा असेल तर त्या गुन्ह्याला कमाल शिक्षा निदान २ वर्षं तरी असावी लागते, आणि शिक्षा झालेला माणूस पळाला असेल तर निदान ६ महिन्यांची शिक्षा असावी लागते. घरगुती भांडणं, खासगी पैशांचे वाद असल्या गोष्टींसाठी नोटीस निघत नाही. आणि अजून एक, बहुतेक रेड नोटिसा लोकांना दिसतच नाहीत, त्या फक्त पोलिसांसाठी असतात, त्यामुळे वेबसाइटवर नाव नाही म्हणजे नोटीस नाही असं समजू नका, उलट माणसाला कळू नये म्हणून मुद्दाम जाहीर न केलेल्या नोटिसा भरपूर असतात.

लाल सोडून बाकी रंगही आहेत आणि तपासात खरं सांगायचं तर मला निळी जास्त उपयोगी पडली. ब्लू नोटीस म्हणजे या माणसाची ओळख, पत्ता, हालचाली याबद्दल माहिती द्या, अटक वगैरे काही नको. ज्याच्याविरुद्ध अजून पुरेसा पुरावा नाही त्याच्याबाबतीत हीच योग्य, पण तपास अधिकाऱ्यांना लालच पाहिजे असते कारण तिची बातमी होते. पिवळी हरवलेल्या माणसांसाठी, काळी ओळख न पटलेल्या मृतदेहांसाठी, आणि जानेवारी २०२५ पासून प्रायोगिक तत्त्वावर सिल्व्हर नोटीस सुरू झालीय, गुन्ह्यातून आलेली मालमत्ता कुठे आहे ते शोधायला. शिवाय डिफ्यूजन नावाचा प्रकार असतो, त्यात एनसीबी स्वतःच निवडक देशांना मेसेज पाठवते. माणूस अमुक दोन-तीन देशांपैकी एकात आहे असा अंदाज असेल तर तो जास्त लवकर कामाला येतो.

इंटरपोलच्या घटनेतलं कलम ३ फार महत्त्वाचं आहे. राजकीय, लष्करी, धार्मिक किंवा वांशिक स्वरूपाच्या प्रकरणात हात घालायला सक्त मनाई. बऱ्याच जणांना ही पळवाट वाटते. मला नाही वाटत. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये हकीम अल-अरैबी हा मूळचा बहरीनचा फुटबॉलपटू बँकॉकला विमानातून उतरला आणि बहरीनच्या रेड नोटिशीमुळे त्याला धरलं. त्याला ऑस्ट्रेलियाने निर्वासित म्हणून आधीच आश्रय दिलेला होता, आणि ज्या देशातून माणूस जिवाच्या भीतीने पळालाय त्याच देशाच्या सांगण्यावरून त्याच्यावर नोटीस काढायची नाही असं इंटरपोलचंच धोरण होतं. नोटीस थोड्याच दिवसांत रद्द झाली, पण तोपर्यंत थायलंडमध्ये प्रत्यार्पणाची प्रक्रिया सुरू झालेली, आणि तो दोन महिन्यांहून जास्त काळ कोठडीत राहिला, फेब्रुवारी २०१९ मध्ये सुटला. अशी एक नोटीस चुकली की त्या एका माणसाचं नुकसान होतंच, पण नंतर प्रत्येक देशाचा अधिकारी पुढच्या खऱ्या नोटिशीकडेही संशयाने बघायला लागतो, आणि मग खरा खुनी त्या संशयाचा फायदा घेऊन निघून जातो. नोटिशीविरुद्ध दाद मागायला सीसीएफ नावाचा स्वतंत्र आयोग आहे, कुणाला अन्याय झालाय असं वाटत असेल तर तिथे अर्ज करता येतो.

आता मुख्य मुद्दा, जो मला नव्या अधिकाऱ्यांना परत परत सांगायला लागायचा. सहकार्याच्या दोन वेगळ्या वाटा आहेत. एक पोलिसाकडून पोलिसाकडे, त्यात माहिती मिळते. दुसरी कोर्ट आणि सरकारमार्फत, त्यात पुरावा मिळतो. हा नंबर कुणाच्या नावावर आहे, हा माणूस तुमच्या देशात आलाय का, ही गाडी चोरीची आहे का, हे पोलीस चॅनलवरून काही दिवसांत, कधी काही तासांत कळतं. पण त्या उत्तराच्या वरच बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की ही माहिती फक्त तपासासाठी, कोर्टात वापरू नये. कोर्टात चालेल असा बँकेचा उतारा, साक्षीदाराचा जबाब, सर्व्हरची प्रत पाहिजे असेल तर परस्पर कायदेशीर साहाय्याची विनंती पाठवावी लागते, तिला आम्ही एमएलए म्हणतो. ती आपल्या मध्यवर्ती प्राधिकरणाकडून त्यांच्या मध्यवर्ती प्राधिकरणाकडे जाते, तिथून त्यांच्या सरकारी वकिलाकडे, मग त्यांच्या कोर्टाचा आदेश, मग बँक किंवा कंपनी, आणि परत त्याच रस्त्याने मागे. यात महिने जातात, वर्षही जातं. तपास अधिकारी काय करतात, पोलीस चॅनलवरून उत्तर आलं की केस सुटली असं धरून चालतात, एमएलए पाठवतच नाहीत किंवा आरोपपत्राची मुदत जवळ आली की घाईघाईत पाठवतात, आणि मग समोरचा देश सहकार्य करत नाही म्हणून ओरड. मी बघितलेल्या रखडलेल्या प्रकरणांत समोरच्या देशाने मुद्दाम अडवलेली थोडी होती, आपल्याच कागदात दम नव्हता अशी जास्त.

दम नसणं म्हणजे काय ते एक नमुना घेऊन दाखवते. विनंतीत लिहिलेलं असतं, "दि. ०३/०४ रोजी रात्री ९ वाजता सदर आयपी अ‍ॅड्रेस कोण वापरत होते ते कळवावे." वाचायला ठीक वाटतं ना? आता समोरच्या देशातला अधिकारी हे घेऊन बसतो. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, काही देशांत महिना आधी लिहितात. रात्रीचे ९ कुणाचे, तुमचे की आमचे, सर्व्हरचा लॉग, म्हणजे कोण कधी आलं त्याची नोंद, यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असतो आणि तुम्ही स्वतःच्या घड्याळाची वेळ लिहिली तर काही तासांचा फरक पडतो, म्हणजे वेगळाच माणूस निघतो. आणि तिसरं, जे सगळ्यात जास्त राहून जातं, पोर्ट नंबर, म्हणजे त्या एका जोडणीला दिलेला क्रमांक. मोबाइल कंपन्या एकाच सार्वजनिक आयपीमागे शेकडो ग्राहक बसवतात, त्यामुळे नुसत्या आयपीवरून कंपनीला सांगताच येत नाही की त्यातला नेमका कोण, त्यासाठी सोर्स पोर्ट आणि सेकंदापर्यंत वेळ लागते. मग तिकडून पत्र येतं, कृपया खुलासा करावा. ते पत्र आपल्या टपालात फिरत संबंधित अधिकाऱ्याकडे पोचतं, तोपर्यंत त्याची बदली झालेली असते, नवीन अधिकारी फाइल शोधतो, खुलासा पाठवतो, आणि उत्तर येतं की लॉग ठेवण्याची मुदत संपल्याने माहिती उपलब्ध नाही. या सगळ्यात कुणीही सहकार्य नाकारलेलं नाही.

नावांचंही तसंच. एकच माणूस पासपोर्टवर एक स्पेलिंग, बँकेत दुसरं, व्हिसाच्या अर्जात तिसरं, काही देशांत आडनाव आधी, काही देशांत आडनावच नसतं, आणि जन्मतारीख १ जानेवारी टाकलेले तर हजारोंनी सापडतात. म्हणून बोटांचे ठसे आणि फोटो जोडा, जोडाच. नुसत्या नावावर पाठवलेल्या नोटिशीने भलत्याच माणसाला विमानतळावर तासनतास बसवलं जातं.

आणि "सदर व्यक्तीची संपूर्ण माहिती पुरवावी" असं कधीही लिहू नये. मोठ्या ईमेल आणि सोशल मीडिया कंपन्यांपैकी बऱ्याच अमेरिकेत आहेत, तिथे खातेदाराचं नाव-पत्ता एवढंच पाहिजे असेल तर कमी आधार चालतो, पण मेलमधला मजकूर पाहिजे असेल तर या खात्यात या गुन्ह्याचा पुरावा असण्याची सबळ शक्यता का आहे हे तथ्यांसकट मांडावं लागतं, तरच तिथला न्यायाधीश वॉरंट देतो. म्हणजे कुठल्या तारखेला या खात्यावरून कुणाला काय मेल आला, त्यानंतर पैसे कुठे गेले, ही साखळी लिहायला पाहिजे. आमचा संशय आहे एवढ्यावर काही मिळत नाही, आणि मिळू नये असंच माझं मत आहे, कारण उद्या दुसरा कुठलाही देश तुमच्या मेलबद्दल नुसत्या संशयावर विचारेल.

लॉग पुसले जाण्यावर उपाय आहे आणि तो वापरलाच पाहिजे. २००१ च्या बुडापेस्ट सायबरगुन्हे करारात डेटा जपून ठेवण्याची विनंती करायची सोय आहे, सदस्य देशांनी चोवीस तास चालणारा संपर्क अधिकारी नेमलेला असतो, त्याला कळवलं की डेटा गोठवून ठेवतात, तो मिळत नाही पण पुसला जात नाही, आणि तुम्हाला एमएलए तयार करायला निदान ६० दिवस मिळतात. ज्या दिवशी परदेशी खातं किंवा सर्व्हर दिसला त्याच दिवशी ही विनंती गेली पाहिजे. कराराचे सदस्य नसलेल्या देशांशीही इतर मार्गांनी असं काम होतं, बऱ्याच मोठ्या कंपन्या पोलिसांची थेट विनंतीही घेतात. डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने नवीन सायबरगुन्हेविरोधी करार मंजूर केलाय, तोही अशाच मदतीसाठी आहे, पण त्यात मानवी हक्कांची हमी पुरेशी आहे का यावर वाद आहेत आणि ते वाद मला रास्त वाटतात.

दोन वाटा नीट जोडल्या की काय होतं त्याचं मला सगळ्यात पटणारं उदाहरण म्हणजे अ‍ॅनॉम. अमेरिकेच्या एफबीआयने आणि ऑस्ट्रेलियाच्या फेडरल पोलिसांनी मिळून गुन्हेगारांसाठीचा "सुरक्षित" फोन स्वतःच बाजारात सोडला, सुमारे १२,००० फोन १०० हून जास्त देशांत पोचले, मेसेज जवळपास २.७ कोटी. जून २०२१ मध्ये एकाच वेळी छापे, ८०० हून जास्त अटका. सगळे या युक्तीचंच कौतुक करतात पण आमच्यासारख्यांनी बघितलं ते वेगळं. सर्व्हर एका तिसऱ्या देशात होता, त्या देशाच्या कोर्टाचा आदेश घेतलेला होता, आणि तिथून डेटा एफबीआयला कायदेशीर साहाय्याच्या करारानुसार दर सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी दिला जायचा. म्हणजे जगातली एवढी मोठी छुपी मोहीम, आणि तिच्या पोटात ठरलेल्या वारी चालणारा एमएलए! त्या तिसऱ्या देशाच्या कोर्टाच्या आदेशाची मुदत ७ जून २०२१ ला संपत होती, छापे त्याच सुमारास पडले. एवढं काटेकोर काम केलं तरी बचाव पक्ष कोर्टात प्रत्येक मुद्दा उकरतो, तो त्यांचा हक्कच आहे.

एन्क्रोचॅट या गुन्हेगारांमध्ये चालणाऱ्या गुप्त फोनसेवेच्या प्रकरणातही तसंच, फ्रान्स आणि नेदरलँड्सने युरोजस्टच्या, म्हणजे युरोपियन युनियनच्या सरकारी वकिलांच्या सहकार्य संस्थेच्या, मदतीने संयुक्त तपास पथक केलं. अशा पथकात दोन देशांचे पोलीस आणि सरकारी वकील एकाच करारावर काम करतात, एकमेकांना प्रत्येक कागदासाठी वेगळी विनंती पाठवावी लागत नाही. एन्क्रोचॅटचे सर्व्हर फ्रान्समध्ये होते, २०२० मध्ये फ्रेंच पोलीस आत शिरले, साठ हजारांवर वापरकर्त्यांची ११.५ कोटी संभाषणं हाती लागली, आणि जून २०२३ पर्यंत युरोपोल या युरोपियन युनियनच्या पोलीस सहकार्य संस्थेने दिलेला अटकांचा आकडा ६,५५८ होता. पण मग प्रश्न आला की फ्रान्सने मिळवलेला पुरावा जर्मनीच्या कोर्टात चालेल का, मिळवताना कुठला कायदा लागू होता, आरोपीला तो पुरावा तपासून त्यावर बोलता आलं का. युरोपियन युनियनच्या न्यायालयाने ३० एप्रिल २०२४ ला सांगितलं की सरकारी वकील असा पुरावा मागू शकतो, पण निकालावर मोठा परिणाम करणाऱ्या पुराव्यावर आरोपीला नीट म्हणणं मांडताच येत नसेल तर तो वगळावा लागेल. हे वाचून काही सहकारी नाराज झाले होते. मला वाटतं याने काम टिकाऊ होतं.

डेटाबेसबद्दल एक सांगून पुढे जाते. डेटाबेस असणं आणि तो तपासणं यात फरक आहे. मार्च २०१४ मध्ये मलेशिया एअरलाइन्सचं एमएच ३७० विमान गायब झालं, त्यात दोन प्रवासी चोरीच्या पासपोर्टवर होते, एक ऑस्ट्रियाचा, एक इटलीचा. दोन्ही पासपोर्ट इंटरपोलच्या हरवलेल्या-चोरलेल्या कागदपत्रांच्या डेटाबेसमध्ये आधीच नोंदलेले होते, पण विमानात बसवताना कुणी ते तिथे तपासलेच नाहीत. त्या दोघांचा विमान गायब होण्याशी संबंध असल्याचं काही निघालं नाही, पण जगाला कळलं की एवढी यंत्रणा उभी आहे आणि काउंटरवर ती उघडून कुणी बघत नाही. उलट जिथे लोक मनापासून बघतात तिथे फार लवकर काम होतं. २००७ मध्ये लहान मुलांवर अत्याचार करणाऱ्या एका माणसाने आपल्या फोटोत चेहरा कॉम्प्युटरवर पिळून टाकला होता, जर्मन पोलिसांच्या तज्ज्ञांनी तो उलटा सरळ केला, इंटरपोलने पहिल्यांदाच लोकांना जाहीर आवाहन केलं, आणि दोन आठवड्यांच्या आत थायलंडमध्ये त्याला अटक झाली.

आता माणूस परत आणणं. हा सगळ्यात लांबचा टप्पा आणि इथे पोलिसांचं फार काही चालत नाही, इथे कोर्ट आणि सरकार. समोरचा देश काही गोष्टी बघतो. ज्याला तुम्ही गुन्हा म्हणताय तो आमच्याकडेही गुन्हा आहे का, याला दुहेरी गुन्हेगारीचं तत्त्व म्हणतात, इथे कलमांची नावं जुळायची गरज नसते, केलेलं कृत्य दोन्हीकडे गुन्हा असलं की झालं, म्हणून विनंतीत कलमांपेक्षा त्याने नेमकं काय केलं ते लिहायचं. मग, ज्या गुन्ह्यासाठी नेताय त्याच गुन्ह्यासाठी खटला चालवाल ना. मग, फाशी देणार नाही ना, छळ होणार नाही ना. १९८९ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने सोअरिंग खटल्यात ब्रिटनला सांगितलं की आरोपीला अमेरिकेत मृत्युदंडाच्या रांगेत वर्षानुवर्षं ठेवलं जाण्याचा खरा धोका असेल तर त्याला देणं हाच हक्कभंग आहे, आणि तेव्हापासून लेखी हमी मागणं हा नियमच झाला. अबू सालेमचं प्रकरण आपल्याला माहीत आहे, २००२ मध्ये लिस्बनला धरला, २००५ च्या नोव्हेंबरमध्ये भारताच्या ताब्यात आला, आणि त्यासाठी भारताने हमी दिली होती की फाशी नाही आणि २५ वर्षांपेक्षा जास्त कैद नाही. नंतर मान्य केलेल्यापेक्षा जास्त आरोप लावले म्हणून पोर्तुगालच्या कोर्टाने २०११ मध्ये प्रत्यार्पणाची अट मोडल्याचं म्हटलं. २०२२ च्या जुलैमध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की दिलेली हमी सरकारने पाळायची आहे. लोक यावर चिडतात, एवढ्या मोठ्या गुन्ह्याला ही सवलत कशी म्हणून. त्यांचा राग मला कळतो, ज्यांची माणसं गेली त्यांना हे सांगणं अवघडच आहे, पण हमी मोडली असती तर पुढच्या प्रत्येक प्रत्यार्पणाच्या सुनावणीत कुठल्याही देशात आरोपीचा वकील पहिला तोच कागद काढून दाखवेल.

काही देश स्वतःचे नागरिक देतच नाहीत, ब्राझीलच्या राज्यघटनेतच जन्माने नागरिक असलेल्यांना देण्याची बंदी आहे. तिथे पुरावे त्या देशाला देऊन खटला तिथेच चालवा असं सांगावं लागतं, तो मार्ग आपल्याकडे फार कमी वापरला जातो, कारण आरोपी इथे आणून कॅमेऱ्यासमोर उभा करता येत नाही. युरोपियन युनियनमध्ये २००४ पासून युरोपियन अटक वॉरंट आहे, एका देशाच्या न्यायाधीशाचं वॉरंट दुसऱ्या देशाचा न्यायाधीश थेट अंमलात आणतो, आरोपी तयार असेल तर १० दिवसांत आणि नसेल तर ६० दिवसांत निर्णय अपेक्षित असतो, ३२ प्रकारच्या गुन्ह्यांत दुहेरी गुन्हेगारी तपासायचीही गरज नाही. तिथेही तुरुंगांची अवस्था वाईट म्हणून कोर्टं अडवतात कधीकधी. पण बाकी जगाच्या तुलनेत हे खूपच वेगवान.

पैशांचं मात्र वेगळं आहे, आणि विचारणाऱ्यांना बहुधा हेच जास्त जवळचं असणार. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेश बँकेच्या, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या, न्यूयॉर्क फेडमधल्या (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेची न्यूयॉर्क शाखा) खात्यातून चोरांनी खोट्या सूचना पाठवून जवळपास ९५ कोटी डॉलर काढायचा प्रयत्न केला. वेळ निवडली गुरुवारी रात्रीची. ढाक्यात शुक्रवार-शनिवार सुट्टी, न्यूयॉर्कमध्ये शनिवार-रविवार सुट्टी, आणि पैसे जिथे गेले त्या फिलिपिन्समध्ये सोमवारी चिनी नववर्षाची सुट्टी. श्रीलंकेला गेलेले २ कोटी डॉलर अडले कारण "फाउंडेशन" या शब्दाचं स्पेलिंग चुकलं होतं आणि मधल्या बँकेने विचारणा केली. फिलिपिन्सला गेलेले ८.१ कोटी डॉलर बँकेतून निघून कॅसिनोत गेले, आणि त्या वेळी फिलिपिन्सच्या मनी लाँडरिंग कायद्यात कॅसिनो येतच नव्हते, ते २०१७ मध्ये आणले. म्हणजे सुट्ट्यांचं कॅलेंडर आणि कायद्यातलं भोक, दोन्ही चोरांनी अभ्यासलेलं. त्यातले साधारण दीड कोटी डॉलर परत मिळाले, बाकीच्यासाठी खटले चालू राहिले.

याच्या शेजारी २०२४ चं सिंगापूरचं प्रकरण ठेवा. एका कंपनीला नेहमीच्या पुरवठादाराच्या नावाने मेल आला, पत्त्यात अगदी थोडा फरक, खातं बदललंय आता तिमोर लेस्तेच्या खात्यात भरा. कंपनीने १९ जुलैला ४.२३ कोटी डॉलर भरले. २३ जुलैला खऱ्या पुरवठादाराने विचारलं पैसे कुठेत, तेव्हा कळलं. कंपनीने लगेच पोलिसांना सांगितलं, सिंगापूर पोलिसांनी इंटरपोलच्या आय-ग्रिप यंत्रणेतून तिमोर लेस्तेला कळवलं, ही यंत्रणा फक्त पैसे थांबवण्यासाठीच आहे, आणि २५ जुलैला ३.९ कोटी डॉलर खात्यातच अडवले गेले. नंतर सात जणांना अटक आणि अजून २० लाखांहून जास्त डॉलर सापडले. तिमोर लेस्ते छोटा देश, पण त्याने दोन दिवसांत काम केलं. इथे एमएलए आधी नाही गेला, आधी पैसे थांबवले, कागद नंतर. हाच क्रम बरोबर आहे.

म्हणून पैसे परदेशात गेले असतील तर बँकेला त्याच तासाला सांगा आणि लेखी रिकॉल मागा, म्हणजे व्यवहार परत बोलवायची विनंती. बँकेकडून स्विफ्ट मेसेजची, म्हणजे बँकांनी एकमेकांना पाठवलेल्या व्यवहाराच्या संदेशाची, प्रत आणि त्यातला यूईटीआर क्रमांक घ्या, त्या क्रमांकावरून पैसे कुठल्या कुठल्या बँकेतून गेले ते माग काढता येतो, साधी पावती पुरेशी नाही. पोलिसांत तक्रार देताना समोरच्या खात्याचा पूर्ण नंबर, बँकेचं नाव, वेळ टाइमझोनसकट लिहा. फसवा मेल फॉरवर्ड करू नका, फॉरवर्ड केला की मूळ हेडर, म्हणजे मेल कुठून कसा आला त्याची नोंद, जातं, मूळ मेल फाइल म्हणून सेव्ह करून द्या. क्रिप्टोत गेले असतील तर व्यवहाराचा हॅश (त्या व्यवहाराची अक्षर-अंकांची लांब ओळख) आणि वॉलेटचा पत्ता कॉपी करून द्या, स्क्रीनशॉटवरून अक्षरं टाइप करताना एक जरी चुकलं तर सगळं वाया. आणि तक्रार नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याला स्पष्ट विचारा की परदेशातल्या बँकेला पैसे थांबवायचा मेसेज आज एनसीबीमार्फत किंवा आर्थिक गुप्तवार्ता कक्षामार्फत जाणार आहे का, गेला असेल तर जावक क्रमांक लिहून घ्या, आणि नसेल गेला तर त्याच्या वरिष्ठांना त्याच दिवशी लेखी द्या.